सिरोंच्याचा चार दिवसांचा बेत

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी बाबा चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात बसले होते. मध्येच म्हणाले, "मले एकदा सिरोंच्याले जाऊन यायचं हाये. थंडीत नेशील का?"

बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. मूळचे हिंगणघाटचे, अजूनही तिथेच राहतात. १९७२ ते १९७६ अशी चार वर्षं ते सिरोंच्याला शिक्षक होते. आमच्या घरी त्या चार वर्षांबद्दल कोणी बोलत नाही. १९७४च्या पावसाळ्यात इकडे आजी गेली आणि बाबांना तिच्या दहाव्यालाही पोचता आलं नाही, एवढंच मला ठाऊक होतं. मोठे काका पुढे कितीतरी वर्षं "हा आमचा नदीपल्याडचा भाऊ" अशी त्यांची ओळख करून द्यायचे. हसत द्यायचे, पण बाबा हसायचे नाहीत.

मी हो म्हटलं आणि पुण्याला परत आल्यावर बेत आखायला बसले. सहल ठरवताना मी आधी एक तक्ता करते: दिवस, अंतर, मुक्काम, जेवण, औषधं. बँकेतल्या नोकरीने लागलेली सवय. या वेळी तक्त्याच्या पहिल्याच ओळीवर अडले, कारण सिरोंच्याबद्दल जे काही वाचावं त्यात एक शब्द आधी येतो, 'दुर्गम'. कधी 'अतिदुर्गम'. महाराष्ट्राचं शेवटचं टोक. नागपूरहून साडेतीनशे किलोमीटरांहून लांब. त्यातले आलापल्लीच्या पुढचे शंभरेक किलोमीटर जंगलातून आणि त्या रस्त्याची ख्याती अशी की लोक अंतर किलोमीटरात न सांगता तासांत सांगतात. सरकारी नोकरीत सिरोंच्याची बदली म्हणजे काळं पाणी, हे विदर्भातल्या प्रत्येक नोकरदाराच्या घरात ऐकलेलं असतं.

मग सवयीप्रमाणे जुनी गॅझेटियरं उघडली. (इतिहास मी कधी शिकले नाही. पण प्रवासाला निघण्याआधी त्या जिल्ह्याचं गॅझेटियर वाचायचं, हे व्यसन आहे.) तिथे भलतंच सापडलं. १८६० ते १८७४ या काळात सिरोंचा हे एका जिल्ह्याचं मुख्यालय होतं. जिल्ह्याचं नाव अपर गोदावरी. डेप्युटी कमिशनर सिरोंच्यात बसायचा. चंद्रपूर, म्हणजे तेव्हाचा चांदा, हा शेजारचा जिल्हा. आज गडचिरोलीहून दोनशे किलोमीटर लांब असलेलं हे तालुक्याचं गाव तेव्हा एका जिल्ह्याच्या कारभाराचं ठिकाण का होतं? याचं उत्तर शोधता शोधता मी दोनदा बाबांच्याच गावात, हिंगणघाटला येऊन पोचले.

उत्तर कापसात आहे.

१८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतलं आणि पुढच्याच वर्षी नागपूरचं राज्य खालसा केलं. म्हणजे दोन वर्षांत हिंदुस्थानातला उत्तमांतला कापूस पिकवणारा मुलूख त्यांच्या हाती आला. हिंगणघाटचा कापूस तर असा नावाजलेला की लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावाने विकला जायचा. अडचण एकच. हा मुलूख समुद्रापासून लांब. कापूस बैलांच्या पाठीवरून नाहीतर गाड्यांतून जायचा. काही घाट उतरून मुंबईला, काही थेट उत्तरेला मिर्झापूरपर्यंत आणि तिथून गंगेतून कलकत्त्याला. वाटेत धूळ, पाऊस, चोऱ्या. गठ्ठा निघताना पांढरा असायचा, पोचताना कोणत्या रंगाचा असेल हे नशिबावर.

नकाशा समोर ठेवला की मोह कसा झाला असेल ते कळतं. हिंगणघाट वणा नदीवर आहे. वणा वर्धेला मिळते. वर्धा चपराळ्यापाशी वैनगंगेला मिळते आणि तिथून पुढे दोघींची मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याच्या खाली गोदावरीला मिळते. थोडं पुढे सोमनूरला बस्तरातून आलेली इंद्रावती येऊन मिळते. पुढे भद्राचलम, राजमहेंद्री आणि समुद्र. म्हणजे हिंगणघाटच्या पाण्यात टाकलेली काडी, अडली नाही तर, आपोआप बंगालच्या उपसागरात जाते. मग कापसाचा गठ्ठा का जाऊ नये?

हा प्रश्न ज्यांनी लावून धरला त्यांचं आडनाव कॉटन असावं, हा निव्वळ योगायोग. आर्थर कॉटन हे मद्रासकडचे इंजिनिअर. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरीवर त्यांनी बांध घातला, तो १८५२ साली पुरा झाला. त्या बांधाने गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचं दैन्य फिटलं. तिकडे आजही त्यांचे पुतळे आहेत, लोक हार घालतात. कॉटन यांचं जन्मभराचं मत असं की हिंदुस्थानाला रेल्वे नको, पाण्याचे रस्ते हवेत. मालाला घाई नसते, त्याला स्वस्त भाडं हवं असतं. १८५१पासून वरच्या गोदावरीचा विचार सुरू झाला. हेग नावाच्या इंजिनिअर अधिकाऱ्याने नदीची पाहणी करून ती कुठवर आणि कशी चालेल याचा अहवाल दिला, आणि काम त्याच्याकडेच आलं.

नदीत मुख्य अडथळे तीन. सगळ्यांत खालचा भद्राचलमजवळ दुम्मागुडेमला. दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला. तिसरा प्राणहितेवर, अहेरीजवळ देवलमरीला. या तीन ठिकाणी नदीच्या पात्रात मैलोगणती खडक पसरलेले आहेत. भर पावसाळ्यात पाणी त्यांच्यावरून धावतं, उन्हाळ्यात ते उघडे पडतात, आणि दोन्ही वेळा मालाची बोट त्यांतून जाऊ शकत नाही. उपाय असा ठरला की प्रत्येक ठिकाणी नदीला आडवा बांध घालायचा, बाजूने कालवा खणायचा आणि कालव्यात दारं बसवून बोट पायरीपायरीने वर चढवायची किंवा खाली उतरवायची. खाली येताना कापूस, वर जाताना किनाऱ्याचं मीठ. बोट रिकामी जायला नको, हा हिशेब त्यात होता.

पण नदीचा डावा काठ निजामाचा. म्हणून १८६० साली निजामाशी नवा तह झाला. त्यात गोदावरीतल्या मालावर जकात घ्यायची नाही असं ठरलं आणि डाव्या काठावरचे सिरोंचा, नुगूर, अलबाका, चेर्ला, भद्राचलम, रेकापल्ली हे तालुके इंग्रजांकडे आले. त्या सहा तालुक्यांचा हा अपर गोदावरी जिल्हा. नकाशावर तो नदीकाठाने पसरलेल्या एखाद्या लांब पट्टीसारखा दिसतो, कारण तो होताच नदीसाठी. सिरोंचा आज महाराष्ट्रात आहे त्याचं मूळ या तहात आहे. त्या पट्टीचा बराचसा भाग पुढे मद्रासकडे गेला, सिरोंचा तेवढं चांद्याशी जोडलं गेलं, आणि चांद्याच्या मागोमाग मध्य प्रांतातून मुंबई राज्यात आणि महाराष्ट्रात आलं. तेलुगू बोलणारं हे गाव मराठी शिक्षकांच्या बदल्यांच्या यादीत आलं ते असं.

पुढच्याच वर्षी, १८६१ला, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. कोणत्याही वेळी महाग वाटली असती अशी योजना त्या चार वर्षांत स्वस्त वाटू लागली. सिरोंच्यात कचेरी आली, ग्लासफर्ड नावाचा डेप्युटी कमिशनर आला. बस्तर संस्थानावर १८६२ साली सविस्तर अहवाल लिहिणारा हाच तो. बस्तरचा अभ्यास करणारे लोक आजही तो अहवाल काढून वाचतात. सिरोंचा तालुक्यात ग्लासफोर्डपेठा नावाचं एक गाव आहे. तालुक्यातल्या गावांची यादी वाचताना ते नाव आलं आणि मी बाबांना फोन केला.

"हो ना," ते म्हणाले, "माझ्या वर्गात दोन पोरं होते त्या गावचे. मले वाटे तेलुगू नाव असन."

इथे बेताकडे वळते, कारण ही जागा वाचकांनाही पाहावीशी वाटेल. पहिला दिवस असा ठरला: सकाळी हिंगणघाटहून निघायचं, चंद्रपूर आणि गोंडपिपरीवरून आष्टीला वैनगंगा ओलांडायची आणि दुपारी चपराळ्याला पोचायचं. चपराळा १९८६पासून अभयारण्य आहे आणि वर्धा-वैनगंगेचा संगम तिथेच आहे. वाट थोडी वाकडी करायची तयारी असेल तर चामोर्शीजवळचं मार्कंडा बघावं. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते आणि काठावर कोरीव देवळांचा समूह आहे. कनिंगहॅम १८७०च्या दशकात तिथे येऊन गेला होता. बाबांच्या गुडघ्यांचा विचार करून मी मार्कंडा परतीला ठेवलं. मुक्काम अहेरी किंवा आलापल्ली. या रस्त्यावर सुरजागडच्या खाणीतलं लोहखनिज वाहणारे ट्रक असतात, त्यामुळे अंधाराआधी पोचणं बरं. तसंही या भागात रात्रीचा प्रवास करू नये, हे प्रत्येकजण सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलापल्लीचं 'वनवैभव' बघायचं. जुन्या, न तोडलेल्या सागवानाचा हा छोटा तुकडा राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून २०१४ साली जाहीर झाला. क्षेत्र इनमीन सहा हेक्टर. पण मान वर करून बघावं लागतं असा साग आता दुसरीकडे कुठे उरलाय? इथलं लाकूड पूर्वी तराफे बांधून गोदावरीतून राजमहेंद्रीच्या बाजारात जायचं. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३मध्ये गेलेला साग याच बाजूचा, तो मात्र सडकेने गेला. मग कमलापूरचे हत्ती आणि संध्याकाळपर्यंत सिरोंचा.

भामरागड आणि हेमलकसा मी बेतातून गाळले. माझ्या ओळखीच्या सगळ्यांनी त्यावर नाक मुरडलं. "तिकडे जाऊन हेमलकसा नाही?" नाही. चार दिवसांत दोन्ही बसत नाही, आणि बाबांना सिरोंचाच बघायचंय.

वाटेत आणखी एक जागा आहे जिथे दाखवायला काहीच नाही, तरी मी गाडी थांबवणार आहे. प्राणहितेच्या काठी चुंचगुंडी. २९ एप्रिल १८५८च्या रात्री तारखात्याच्या छावणीवर इथे हल्ला झाला. दक्षिणेकडे तारेची लाइन टाकण्याचं काम नदीकाठाने चाललं होतं. गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. हल्ल्यामागे मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव होते. बाबुरावांना पकडून देण्याचं काम अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंकडून झालं, त्याबद्दल त्यांना बक्षीस म्हणून गावं मिळाली, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांच्यावर २००९ साली टपाल तिकीट निघालं. तारेवर हल्ला केलेल्या माणसाचं चित्र टपालखात्याने छापावं, यात गंमत आहे, पण ती बाजूला ठेवू. मला वाटतं बाबुरावांना त्या तारेचा अर्थ नीट कळला होता. तार, मग बांध, मग बोटी, मग कचेरी. हा रस्ता त्यांच्या मुलखातून जात होता, त्यांच्यासाठी जात नव्हता.

त्या रस्त्याचं पुढे काय झालं? दुम्मागुडेमला बांध, कालवा, दारं हे सगळं झालं. वरच्या दोन ठिकाणचं काम पुरं झालंच नाही. जंगलात मजूर मिळेनात. जे आणले ते तापाने आजारी पडत आणि पळून जात. नदीत पुरेसं पाणी वर्षातले काही महिनेच. १८६५ला अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि कापसाचा भाव कोसळला. १८६७ला मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. ज्या गठ्ठ्याला नदीतून समुद्र गाठायला कित्येक आठवडे लागले असते तो आता थोड्या दिवसांत मुंबईच्या गोदीत. लाखो रुपये पाण्यात घातल्यावर ऑक्टोबर १८७१मध्ये सरकारने काम सोडून दिलं. १८७४ला अपर गोदावरी जिल्हाच मोडला. १८७०च्या त्याच दशकात वर्ध्याहून वरोऱ्याच्या कोळशाकडे जाणारा रेल्वेचा फाटा हिंगणघाटवरून गेला.

ही दोन वाक्यं शेजारीशेजारी वाचताना मी थोडा वेळ थांबले. हिंगणघाटला स्टेशन मिळालं त्या दशकात सिरोंच्याचा जिल्हा गेला. कापूस तोच, त्याचा रस्ता बदलला. सिरोंच्याची नदी, जंगल, पाऊस काहीच हललं नव्हतं. तरी तेव्हापासून ते दुर्गम. हा शब्द आपण डोंगर, दरी अशा अर्थाने वापरतो, जणू निसर्गानेच गाव लांब नेऊन ठेवलंय. सिरोंच्याच्या बाबतीत मला तो एका हिशेबाचा शेवटचा आकडा वाटतो. हिशेब लंडन, कलकत्ता आणि नागपूरला झाला.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग बराच वेळ गप्प. मला वाटलं फोन कटला.

"म्हणजे आपल्या इथून पाणी तिथं जाते," ते म्हणाले.

"हो. वणेचं पाणी सिरोंच्यावरूनच जातं."

"मले हे त्या वक्ती माहीत असतं तर," एवढं म्हणून त्यांनी विषय बदलला. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला आणि त्यांनी १९७४ची गोष्ट सांगितली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

आजी गेली ती ऑगस्टच्या सुरुवातीला. तार चांद्यापर्यंत त्याच दिवशी गेली. पुढे पावसाने सगळे नाले भरलेले, आलापल्ली-सिरोंचा रस्ता बंद. तार टपालाच्या पिशवीत बसून राहिली आणि बाबांच्या हातात सहाव्या दिवशी पडली. रस्त्याने जाणं शक्यच नव्हतं. दुसरी वाट नदीची. प्राणहिता ओलांडली की समोर आंध्रचं अर्जुनगुट्टा, तिथून चेन्नूर, चेन्नूरहून बसने मंचेरियाल. मंचेरियालला रेल्वेस्टेशन. संध्याकाळची गाडी धरली की बल्लारशा, वरोरा आणि पहाटे हिंगणघाट. गाडी बदलावी लागत नाही. सिरोंच्याचे लोक दवाखान्याला, बाजाराला असेच जायचे. म्हणजे माझ्या घरच्यांना जे गाव जगाच्या टोकाला वाटत होतं ते नदी ओलांडली की एका रात्रीच्या अंतरावर होतं.

नदीला पूर होता. तरी डोंगे चालू होते. दोन डोंगे एकमेकांना बांधायचे, मध्ये फळी टाकायची, आणि नावाडी वरच्या अंगाने बरंच दूर जाऊन मग पात्रात घालायचे, म्हणजे प्रवाहाने खाली ओढलं तरी पल्याडच्या घाटालाच लागतात. बाबा पहिल्याच दिवशी पिशवी घेऊन घाटावर गेले. नावाडी ओळखीचा, त्याचा मुलगा बाबांच्या वर्गात. त्याने बातमी ऐकली आणि म्हणाला, "सार, चला, आत्ता सोडतो."

"आणि?"

"मी नाही म्हटलं." बाबा म्हणाले. "मले पोहता येत नोतं. पाणी पाहून पाय गळाले. त्याले सांगितलं, उद्या पाहू. दुसऱ्या दिवशी बी गेलो. चार दिवस गेलो. चार दिवस तो तयार होता अन् मी परत येत होतो. पाचव्या दिवशी पाणी उतरलं तवा गेलो."

घरी सगळ्यांनी धरून चाललं की रस्ता बंद होता. बाबांनीही ते तसंच राहू दिलं. काकांचा टोमणा त्यांना लागायचा तो वेगळ्याच जागी लागायचा.

यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. मी म्हटलं, "बाबा, इंग्रजांनाही ती नदी जमली नाही." हे बोलायला नको होतं. ते म्हणाले, "नावाड्याले जमत होती ना."

ते बरोबर आहे, आणि गॅझेटियर वाचताना माझ्या नजरेतून हेच सुटलं होतं. 'नदी वाहतुकीला अयोग्य' या निष्कर्षात वाहतूक म्हणजे कापसाच्या गठ्ठ्यांची. माणसं, कोंबड्या, मीठ, आजारी बाया, शाळेचे मास्तर यांची वाहतूक त्या निष्कर्षाच्या आधीही चालू होती आणि नंतरही. काठावरचे लोक ती करत होते. योजना सोडली हे त्यांना कोणी कळवलंही नसेल.

तर तिसरा दिवस. हा पूर्ण सिरोंच्याचा. गावात नदीकाठी इंग्रजांच्या काळातलं विश्रामगृह आहे, तिथे उभं राहून प्राणहिता बघायची. आता प्राणहितेवर पूल आहे, गोदावरीवर आहे आणि छत्तीसगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर इंद्रावतीवरही आहे. गोदावरीचा पूल ओलांडला की तेलंगणातलं कालेश्वर. एकाच पीठावर दोन लिंगं, एक शंकराचं आणि एक यमाचं, म्हणून त्याची ख्याती. प्राणहितेचा पुष्कर मेळा २०२२च्या एप्रिलमध्ये झाला, गोदावरीचा पुष्कर २०२७मध्ये आहे. गर्दी नको असेल तर ते दिवस टाळावेत. गर्दीच बघायची असेल तर तेच धरावेत.

दुपारी वडधमचं जीवाश्म उद्यान. इथल्या मातीत जुरासिक काळातले प्राणी आणि झाडं दगड होऊन पडलेली आहेत. नदीपलीकडच्या कोटा गावाजवळचे माशांचे जीवाश्म १८५०च्या दशकातच विलायतेत माहीत झाले होते. नागपूरला ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते मिशनरी हिस्लॉप याच भागातले दगड हौसेने जमवायचे. सगळ्यांत मोठा मान मात्र पोचमपल्लीचा. तिथे १९६१च्या सुमारास अजस्र हाडं निघाली. ती कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये गेली, तिथे सांगाडा उभा राहिला आणि १९७५ साली त्या प्राण्याचं बारसं झालं: बारापासॉरस टागोराय. 'बारा पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि टागोर का, तर उत्खननाचा पहिला हंगाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षातला. १९७५ला बाबा सिरोंच्यातच भूगोल शिकवत होते. त्यांना हे कोणी सांगितलं नाही. सिरोंच्याचं जे काही मोलाचं निघतं ते आधी बाहेर जातं आणि त्याची बातमी सिरोंच्याला सर्वांत शेवटी कळते.

याच पोचमपल्लीच्या काठाला आता मेडीगड्ड्याचं धरण टेकलंय. तेलंगणाच्या कालेश्वरम प्रकल्पाचा हा बंधारा, ८५ दारांचा. २१ जून २०१९ला उद्घाटन झालं. पाणी उपसून तेलंगणाच्या आतल्या भागात नेलं जात होतं. सिरोंच्याकडच्या वाट्याला फुगवट्याचं पाणी आणि पुरात बुडालेली शेतं आली, त्यांच्या भरपाईसाठी शेतकरी आंदोलनं करत राहिले. २१ ऑक्टोबर २०२३च्या संध्याकाळी बंधाऱ्याचे काही खांब खचले आणि पाणी सोडून द्यावं लागलं. हेगला न जमलेला आडवा बांध दीडशे वर्षांनी याच टापूत घातला गेला आणि चार वर्षांत खचला. इंजिनिअर लोक म्हणतील की दोन्हींची तुलना होत नाही, पाया वेगळा, हेतू वेगळा. मान्य. शेत बुडालेल्या माणसाला मात्र ती तुलना कोणी शिकवावी लागत नाही.

चौथा दिवस परतीचा, जमलं तर सोमनूरचा संगम पहाटे बघून. वेळापत्रक म्हणून हा बेत चांगला नाही हे मला दिसतंय. एकूण बसणं फार, चालणं कमी. मलेरियासाठी मच्छरदाणी, अंगभर कपडे. रोख पैसे. मोबाइलवर भरवसा नाही. महिना जानेवारी धरलाय. तोवर नाले उतरलेले असतात, नदीत पाणी असतं आणि ऊन सोसतं. वाटेत कुठे थांबावं, कुठे नाही, हे त्या आठवड्यात तिथल्याच माणसाला विचारून ठरवायचं, पुण्यातून नाही.

तक्ता पुरा करून मी बाबांना पाठवला. त्यांनी त्याची छापील प्रत काढवून घेतली, लाल पेनाने तपासली (मास्तर शेवटी मास्तरच) आणि फोटो काढून मला परत पाठवली. चुंचगुंडीवर खूण, म्हणजे मान्य. डायनॉसोरवर दोन खुणा. तिसऱ्या दिवशी 'प्राणहिता पूल, गाडीने' असं मी लिहिलं होतं, त्यावर काट मारून खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'येताना पूल. जाताना डोंगा मिळेल का, चौकशी करणे.'

सिरोंच्यात बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं दुकान आहे. त्यांना फोन लावला. ते आधी हसले. मग म्हणाले, "ताई, आता पूल झाला, घाटावर डोंगा कोण ठेवतो? पण मासे धरणारे आहेत. सरांना न्यायचं म्हणजे मी बोलतो त्यांच्याशी. सरांना पोहता येतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"हरकत नाही. जानेवारीत पाणी कमीच असतं."

औषधांच्या यादीखाली मी लिहून ठेवलं: लाइफ जॅकेट, दोन.